वाचकांचे प्रश्न : यंत्राला कुणाचे हात कळतात?

गेल्या अंकात मी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलींच्या संगणकवर्गांबद्दल लिहिलं होतं. किंबर्ली ब्रायंट या इलेक्ट्रिकल इंजिनीअर बाईंनी २०११ साली सॅन फ्रान्सिस्को भागात ‘ब्लॅक गर्ल्स कोड’ ही संस्था कशी सुरू केली, आणि आमच्या वेंगुर्ले तालुक्यातल्या एका वाचनालयात शनिवारी भरणाऱ्या मुलींच्या वर्गात मी अशा कामांची ओळख का करून देते, एवढाच त्याचा विषय. पत्रं बरीच आली. काही कौतुकाची, काही रागाची. उत्तर देण्याजोगी पाच इथे घेतली आहेत.

ताई, माझे मिस्टर हर्णै बंदरातून बोटीवर जातात. मुलगी नववीला आहे. तुमचा लेख तिनेच मला वाचून दाखवला. आवडला, पण एक विचारते, राग मानू नका. त्या अमेरिकेतल्या मुलींचं आणि आमचं काय? आमच्या मुलीला कॉम्प्युटर यावा, चार पैसे मिळवावेत, एवढीच इच्छा. त्यासाठी ही माहिती कशाला?
— एक आई, हर्णै

राग कसला, विचारलंत ते बरं केलंत. बोटीपासूनच सुरुवात करू. तुमच्या मिस्टरांच्या बोटीवर जीपीएस असेलच. पावसाळी बंदी उठून ऑगस्टात बोटी बाहेर पडल्या की किनारा दिसेनासा झाल्यावर आपण कुठे आहोत आणि बंदर कुठल्या अंगाला, हे तेच सांगतं. उपग्रहाचा संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून ते अंतर काढतं. पण नुसत्या अंतराने भागत नाही. पृथ्वी गुळगुळीत गोल नाही, गुरुत्वाकर्षणही सगळीकडे सारखं नाही, त्यामुळे समुद्राची पातळीसुद्धा कुठे फुगीर तर कुठे खोलगट असते. हा खरा आकार गणितात नीट बसवला नाही तर जागेचा हिशेब नेमका येत नाही. उपग्रहांच्या मोजमापांवरून तो आकार काढण्यात ज्यांनी उभं आयुष्य घातलं, त्यांत ग्लॅडिस वेस्ट या कृष्णवर्णीय बाई होत्या.

१९३० साली व्हर्जिनिया राज्यातल्या एका खेड्यात, शेतकरी घरात त्यांचा जन्म. तिथल्या मुलींपुढे दोनच वाटा असायच्या, शेतात राबायचं नाहीतर तंबाखूच्या कारखान्यात जायचं. काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या आणि ते कायद्यानेच ठरलेलं होतं. वेस्टबाई शाळेत पहिल्या आल्या म्हणून कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली. गणित घेतलं, काही वर्षं शिक्षिकेची नोकरी केली आणि १९५६ साली डालग्रेन इथल्या नौदलाच्या केंद्रात लागल्या. तिथे सगळे मिळून चार जण कृष्णवर्णीय. १९९८ साली निवृत्त होईपर्यंत त्या तिथेच होत्या. खोलीभर पसरलेल्या संगणकांना त्यांनी समुद्राच्या पातळीचा हिशेब करायला लावला. अमेरिकी हवाई दलाने त्यांचा गौरव केला तो २०१८ साली, निवृत्तीनंतर वीस वर्षांनी. हर्णैच्या किनाऱ्यावर संध्याकाळी जी सुरमई लिलावाला लागते, तिच्यामागे कुठेतरी या बाईंची आकडेमोड आहे. तुमच्या मुलीला हे ठाऊक असायलाच हवं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. ब्रायंटबाईंच्या मुलीला व्हिडिओ गेमचा नाद होता. नुसतं खेळण्यापेक्षा तिने गेम बनवायला शिकावं म्हणून आईने तिला स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या उन्हाळी शिबिरात घातलं. तिथे ती एकटीच कृष्णवर्णीय मुलगी होती. मुलीला यावं, एवढंच त्या आईलाही वाटत होतं, तुमच्यासारखंच. पण आपल्यासारखं तिथे कुणीच नाही असं दिसलं की पोरगी हात वर करत नाही, शंका विचारत नाही आणि एक दिवस यायची थांबते. आपल्या मुली क्लास सोडतात तेव्हा घरचे म्हणतात, डोक्यावरून जात होतं. माझ्या वर्गातल्या मुलींचं तरी तसं नसतं. इथे आपलं काही काम नाही असं त्यांना वाटायला लागलेलं असतं. तुमच्या मुलीला वेस्टबाईंचं नाव सांगा आणि जमलं तर बोटीवरचं ते यंत्र एकदा तिच्या हातात द्या.

ताई, ‘समाजाचं भान ठेवून तंत्रज्ञान शिकवा’ असं तुम्ही लिहिलंत. वाचायला छान वाटतं. पण तासाला नेमकं काय करायचं? आमच्या शाळेत संगणक दहा, चालू सहा. वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. आठवी-नववीच्या मुली आहेत आणि अभ्यासक्रमही पुरा करायचा असतो.
— एक शिक्षक, राजापूर तालुका

सर, सहा संगणक पुरतात. एका संगणकावर तीन मुली बसवा आणि दर थोड्या वेळाने कीबोर्ड पुढच्या मुलीकडे द्यायला लावा. तो नियम मात्र कडक पाळा, नाहीतर जिच्या घरी लॅपटॉप आहे तीच टाइप करते आणि बाकीच्या बघत बसतात.

काय करायचं यासाठी ॲरिझोना राज्य विद्यापीठातल्या किंबर्ली स्कॉट या प्राध्यापिकेचं काम मला फार उपयोगी पडलं. त्यांनी ‘कॉम्प्युगर्ल्स’ नावाचा उपक्रम सुरू केला, गरीब वस्त्यांतल्या शाळकरी मुलींसाठी. त्यात कृष्णवर्णीय, लॅटिन वंशाच्या आणि मूलनिवासी मुली जास्त. तिथे आधी सॉफ्टवेअर शिकवत नाहीत. मुलींनी आपल्या वस्तीतला एक प्रश्न निवडायचा, त्याची माहिती काढायची, माणसांना भेटायचं आणि मग तो लोकांपुढे मांडायला जे तंत्र लागेल ते शिकायचं. व्हिडिओ लागला तर व्हिडिओ, गेम लागला तर गेम.

आमच्या वर्गात हे कसं झालं ते सांगते. मुलींना विचारलं, कुठल्या यंत्राने तुमच्या घरात कुणाला रडवलंय? एकीने लगेच आजीचं नाव घेतलं. रेशनच्या दुकानात अंगठा लावायचं यंत्र आजीला दर महिन्याला परत पाठवत होतं. आजी म्हणायची, “ह्या मशिनाक माझो अंगठो वळखूक येणा नाय, ह्येच्यात माझी काय चूक?” मग दुसरी बोलली, तिसरी बोलली. जवळजवळ प्रत्येकीच्या घरात अशी एक बाई निघाली.

मुलींनी वहीत तक्ता आखला. वाडी कुठली, वय किती, काम काय केलं आयुष्यभर, कुठलं बोट लागलं, कुठलं नाही. नाव लिहायचं की नाही यावर मोठा वाद झाला. शेवटी त्यांनीच ठरवलं की नाव आणि कार्डाचा नंबर लिहायचा नाही, कारण वही कुणाच्याही हाती लागू शकते. माहिती जपून कशी ठेवायची हे मला फळ्यावर शिकवावं लागलंच नाही. दुसऱ्या आठवड्यात तक्ता स्प्रेडशीटमध्ये भरला. कामाप्रमाणे गाळणी लावली आणि मुली गप्प झाल्या. अंगठा न लागणाऱ्यांत काजू फोडणाऱ्या बायका सगळ्यांत जास्त, त्यांच्या खालोखाल ओहोटीला खडकावरची कालवं काढणाऱ्या. रिक्षा चालवणाऱ्या पुरुषांचे अंगठे एका फटक्यात लागत होते.

कारण शोधायला वेळ लागला नाही, ते आमच्या घराघरांत आहे. काजूच्या टरफलात जे तेल असतं ते कातडी जाळतं. माझी आई काजूच्या कारखान्यात बसायची. राख लावून, तेल लावून बोटं वाचवायची, तरी बोटांच्या टोकांची सालं निघायचीच. वर्षानुवर्षं असं झालं की ठशाच्या रेषा झिजतात, पुसट होतात. यंत्र त्या रेषाच शोधतं. ज्यांनी यंत्र बनवलं त्यांच्यासमोर बहुधा असे हात आलेच नसतील.

मुली तिथे थांबल्या नाहीत. अंगठा लागत नसेल तर करंगळी किंवा अनामिका लावून बघा, या बोटांच्या रेषा बऱ्याचदा शाबूत असतात, हे त्यांच्याच तक्त्यातून निघालं. मोबाइलवर येणाऱ्या आकड्याने काम होतं हेही कळलं, पण तिथे दुसरीच अडचण. नंबर मुंबईतल्या मुलाचा. तो कारखान्यात पाळीवर, फोन उचलत नाही आणि म्हातारी दुकानाच्या पायरीवर बसलेली. मग मुलींनी मालवणीत एक पानाची सूचना बनवली, कुठली बोटं लावायची, नंबर बदलून घ्यायला काय काय लागतं, मोठ्या अक्षरांत. दुकानदाराने ती भिंतीवर चिकटवली.

आता बघा, यात काय काय शिकून झालं. तक्ता, गाळणी, टक्केवारी, आलेख, मराठी टंकलेखन, पानाची मांडणी. तुमच्या अभ्यासक्रमात हे असणारच. वीज गेली की वहीतलं काम करायचं, घरोघरचे प्रश्न तयार करायचे. गेम किंवा ॲनिमेशन करायचं असेल तर स्क्रॅच ही मुलांसाठीची सोपी प्रोग्रामिंगची भाषा एकदा संगणकावर उतरवून घ्या, मग इंटरनेट नसलं तरी चालतं.

एक मात्र सांभाळा. विषय तुम्ही देऊ नका. मे महिन्यात आटणाऱ्या विहिरी, एसटीच्या न येणाऱ्या गाड्या, रापणीच्या मासळीला किनाऱ्यावर मिळणारा आणि बाजारात निघणारा भाव, असे दहा विषय तुम्हाला सुचतील. शिक्षकाने विषय दिला की तो शिक्षकाचाच राहतो. मुलींना थोडा वेळ गप्प बसू द्या, त्या बोलतात.

ताई, मी बारावीला आहे. रंगाने काळी आहे. वर्गाचा ग्रुप फोटो काढला की सगळ्यांचे चेहरे नीट येतात आणि माझ्या जागी नुसती सावली. फिल्टर लावला तर मी इतकी गोरी दिसते की मीच मला ओळखत नाही. मैत्रिणी हसतात. मी आता फोटोत उभी राहणंच बंद केलंय.
— मालवणहून एक मुलगी

पोरी, तुझा रंग अगदी ठीक आहे. कॅमेऱ्याचा हिशेब चुकतोय आणि तो का चुकतो याला इतिहास आहे.

रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी फोटो धुणाऱ्या प्रयोगशाळांना एक नमुना-छायाचित्र पाठवायची. त्यात एक गोरी बाई असायची. तिची कातडी छान आली की रंग बरोबर, असं धरायचे. त्या नमुन्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. वर्गात गोरी आणि काळी मुलं शेजारी बसली की काळ्या मुलांचे फक्त दात आणि डोळे फोटोत उमटायचे. आयांनी तक्रारी केल्या. पण गडद छटा नीट टिपणारी फिल्म करायला कंपनीला हलवलं ते चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांच्या तक्रारींनी, असं त्या कंपनीतल्या माणसांनीच पुढे सांगितलं. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. आजही वाटतं.

आता जॉय बुओलाम्विनी या मुलीचं ऐक. आईवडील घानाचे, ती वाढली अमेरिकेत. अमेरिकेतल्याच एमआयटी या विद्यापीठात शिकत असताना तिने चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर वापरून एक आरसा बनवायला घेतला. सॉफ्टवेअरला तिचा चेहरा दिसेना. तिने पांढरा मुखवटा घातला आणि लगेच दिसला! ती रडत बसली नाही, तिने मोजायला घेतलं. आफ्रिकेतल्या तीन आणि युरोपातल्या तीन देशांच्या खासदारांचे १२७० फोटो जमवले आणि मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर त्यांवर चालवली. फोटो बघून हा पुरुष की ही बाई, एवढंच ओळखायचं होतं. २०१८ साली तिने आणि टिमनिट गेब्रू या संशोधक बाईंनी निकाल छापले. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के. काळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. कारण सरळ होतं, अशी सॉफ्टवेअर ज्या फोटोंवर शिकवली जातात त्यांत गोरे पुरुषच फार. पुढे कंपन्यांनी सुधारणा केल्या. २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यावर अमेरिका पेटली असताना, आयबीएमने चेहरा ओळखणारं आपलं सर्वसाधारण सॉफ्टवेअर बंद करत असल्याचं जाहीर केलं. एका विद्यार्थिनीच्या मोजणीचा त्यात मोठा वाटा होता.

तुझ्या फोनबद्दल दोन गोष्टी सांगते. कॅमेरा सगळ्या चौकटीचा उजेड सरासरीने धरतो. मागे समुद्र, त्यावर संध्याकाळचं ऊन आणि आजूबाजूला गोरे चेहरे असले की तो उजेड कमी करतो आणि तू अंधारात जातेस. फोटो काढणारीला सांग, स्क्रीनवर माझ्या चेहऱ्यावर बोट ठेव, बाजूला सूर्याचं चिन्ह आलं की ते वर सरकव. आणि सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं नाही. दुसरं, जॉयने केलं तेच तू छोट्या प्रमाणात कर. वेगवेगळ्या रंगाच्या मैत्रिणी, एकच जागा, एकच उजेड, फिल्टर लावून आणि काढून. कुणाचा रंग किती बदलला, नाक कुणाचं बारीक झालं, लिहून ठेव. एवढं केलंस की ‘सुंदर’ या बटणामागे कुणाचा चेहरा बसवलाय ते तुझ्या मैत्रिणींनाही दिसेल. तो तक्ता मला पाठव, मला खरंच बघायचा आहे. आणि पुढच्या ग्रुप फोटोत मधोमध उभी राहा.

महोदया, वर्णद्वेष हा अमेरिकेचा प्रश्न आहे. आपल्या मुलांच्या डोक्यात तो कशाला भरवता? संगणकाला जात नसते, रंग नसतो. गणित शिकवा, प्रोग्रामिंग शिकवा, बाकीचं सोडून द्या.
— एक निवृत्त वाचक, दापोली

काका, गणित मी शिकवतेच. संगणकाला जात-रंग नसतो हे खरं, पण त्याला शिकवणाऱ्या माहितीला असतो. ॲमेझॉन कंपनीने नोकरीचे अर्ज निवडणारं एक सॉफ्टवेअर करून पाहिलं होतं. आधीच्या वर्षांचे अर्ज बहुतेक पुरुषांचे, त्यावरून ते बायकांचे अर्ज खाली ढकलायला शिकलं. शेवटी ते मोडीत काढावं लागलं. २०१८ साली ही बातमी आली.

आणि हे दूरचं म्हणता, तर कोविडच्या दिवसांत आपण सगळ्यांनी बोटाला लावलेला ऑक्सिमीटर आठवा. तो बोटातून उजेड पाठवून रक्तातला प्राणवायू मोजतो. गडद कातडी त्या उजेडात ढवळाढवळ करते. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी दाखवून दिलं की प्रत्यक्षात प्राणवायू धोक्याइतका उतरलेला असतानाही यंत्र ‘ठीक’ दाखवतंय, असं गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट वेळा घडत होतं. आमच्या आशाताई तेच यंत्र घेऊन वाडीवाडी फिरत होत्या, आणि आमच्या वाडीत गोरं कोण आहे?

अमेरिकेतल्या गुलामगिरीचं दुःख आणि आपल्याकडच्या जातीचं दुःख एकच आहे असं मी मुलींना सांगत नाही. जहाजांत कोंबून नेलेल्या माणसांचा इतिहास त्यांचा आहे, तो त्यांच्याच नावावर राहायला हवा. पण एकमेकांकडे बघून शिकणं मी सुरू केलेलं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या माणसांना. तुमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहिलं. तिकडचे लोक संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करताहेत, त्याच्या प्रती मला मिळतील का, असं विचारलं होतं. ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिलं. त्या पत्रव्यवहाराबद्दल सांगितलं तेव्हा आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, “ताई, आपल्या इकडच्या माणसाने?” तिचा चेहरा उजळला होता. हे मी सोडून देणार नाही, काका.

मुलगी दहावीला आहे. कॉम्प्युटरमध्ये डोकं चालतं. पण क्लास चिपळूणला, सुटायला रात्र होते आणि नंतर एसटी नाही. बायको म्हणते नको. आणि एवढं करून नोकरी लागेल का?
— एक वडील, गुहागर तालुका

क्लासने नोकरी लागत नाही, खोटं कशाला सांगू? एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र अर्जाला जोडायला लागतं, त्याच्या जोरावर पोट भरत नाही. डोकं चालतंय तर दहावीनंतर पदविकेला घाला. रत्नागिरीला आणि मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे. तीन वर्षांची पदविका झाली की थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंगला जाता येतं, लोणेऱ्याचं विद्यापीठही आपल्याच कोकणात आहे. अर्ज भरायच्या आधी मुलीला घेऊन एकदा तंत्रनिकेतन बघून या आणि वसतिगृहाची चौकशी त्याच फेरीत करा. मुलींच्या बाबतीत गाडं तिथेच अडतं.

रात्रीच्या क्लासला तुमच्या बायकोचा नकार मला बरोबर वाटतो. मुलीने भित्रं असू नये वगैरे मी म्हणणार नाही, गाडी नाही तर नाही. ब्रायंटबाईंनी सुरुवातीचे वर्ग बेव्ह्यू हंटर्स पॉइंट या कृष्णवर्णीय वस्तीत घेतले, मुलींना शहराच्या दुसऱ्या टोकाला बोलावलं नाही. तुमच्या गावाजवळच्या हायस्कुलात संगणकांची खोली असेल, रविवारी ती बंदच असते. पाच-सहा मुलींचे पालक मिळून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, सकाळी दहा ते एक, सोबतीला एक आई बसेल असं त्यात लिहा. शिकवायला जवळपासची पदविकेची एखादी मुलगी मिळते का बघा, तिला मानधन द्या, फुकट बोलावू नका. पहिल्या तीन महिन्यांत काय घ्यायचं त्याची वही मी मासिकाच्या पत्त्यावरून पाठवते. अर्जात खोलीच्या किल्लीची जबाबदारी कुणाची तेही आधीच लिहून टाका, बहुतेक ठिकाणी होकार तेवढ्यासाठीच अडून राहतो.